मागून धरलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी मातीची भट्टी आहे. आमच्या मुलखात, जॉर्जियात, मला तोने म्हणतात. तुमच्याकडचा तंदूर माझ्या नात्यातलाच, पण मी त्याच्याहून खोल. माझ्या भिंतीला पाव लावायचा तर नुसता हात आत घालून भागत नाही. भटारी कमरेतून वाकतो, डोकं खाली घालतो आणि जवळजवळ माझ्या पोटात उतरतो. पाव भिंतीला चिकटवण्याच्या क्षणी त्याचे पाय जमिनीवरून सुटलेले असतात. म्हणून मी माणसांना उलटी ओळखते. आधी कपाळ दिसतं, मग मिटलेले डोळे, मग रोखून धरलेल्या श्वासाने फुगलेले गाल. इतकी वर्षं झाली, पण सरळ उभ्या माणसाचा चेहरा मला अजून परका वाटतो.

माझा जन्म तेलावीजवळच्या एका खेड्यात झाला. कुंभाराने चाळलेल्या मातीत बकरीचे केस मळले आणि वळीवर वळी चढवत मला उभं केलं. एक थर सुकल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, असा त्याचा नेम होता. शेजारी हसायचे, "अरे, तुझी भट्टी होईस्तोवर गिऱ्हाईक उपाशी मरेल." तो म्हणायचा, "मरू दे. घाईची भट्टी पहिल्या जाळाला तडकते." मग मला गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून जहाजावर चढवलं. अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, लामाराच्या दुकानात विटांच्या ओट्यात मला बसवलं. प्रवासात डाव्या अंगाला एक बारीक चीर गेली होती. ती लिंपली, पण तेव्हापासून माझी डावी बाजू उजवीपेक्षा जास्त तापते. गावी राहिले असते तर द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांवर पेटले असते. इथे माझ्या बुडाशी गॅसची शेगडी आहे. सवय होते.

सुरुवातीची वर्षं लामाराचा नवरा पाव लावत असे. त्याची कंबर गेली तेव्हा त्याने तेलावीहून जुंबेरला बोलावून घेतलं. जुंबेर उंच होता, खांद्यात जरा वाकलेला. बोलणं कमी. तात्पुरत्या परवान्यावर तो आला आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यापुढे उभा राहिला.

भटाऱ्यांची एक रीत आहे, ती सांगते. नव्या तोनेत पहिल्यांदा वाकणाऱ्याचा कमरपट्टा दुसऱ्या कुणीतरी मागून धरायचा. प्रत्येक तोनेचं तोंड वेगळं, खोली वेगळी. शरीराला ती उमजेपर्यंत कसलेल्या माणसाचाही तोल जातो, आणि खाली जाळ असतो. त्या पहाटे जुंबेरचाही तोल गेला. लामाराच्या नवऱ्याने दुखऱ्या कमरेने त्याचा पट्टा घट्ट धरला होता.

"तुझ्या बायकोला काय कळवू? पाव भाजला की नवरा भाजला?" तो ओरडला.

"बायको गेली. मुलगी आहे," जुंबेर माझ्या आतून म्हणाला. "तिला कळवा, पाव भाजला."

ते माझे वैभवाचे दिवस होते, मित्रांनो. होडीच्या आकाराचे आमचे पाव, म्हणजे शोत्या, माझ्या अंगाला ओळीने चिकटायच्या, फुगायच्या, सोनेरी व्हायच्या. जुंबेर लोखंडी आकड्याने त्या ओढून काढायचा. दिवसाची पहिली शोती आमच्याकडे विकत नसत. भटारी ती हाताने तोडायचा आणि त्या वेळी दुकानात जो कुणी असेल त्याला घास द्यायचा, मग तो ओळखीचा असो वा टपाल टाकायला आलेला. लोक म्हणायचे, अशी शोती तिकडे तेलावीतही मिळत नाही. ते खोटं होतं, पण जुंबेर ते ऐकून दर वेळी लाजायचा.

लामाराचा नवरा पुढे वारला. दुकान लामाराने चालवलं. आसपासच्या खानावळींतून मागणी येऊ लागली. ती जुंबेरहून वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. तो तिला मावशी म्हणे.

कामाच्या मधल्या वेळेत जुंबेर मिठाच्या भांड्याला टेकवून फोन उभा करायचा. पलीकडे ताम्ता असायची, त्याची मुलगी. ती तेलावीत आत्याकडे वाढत होती. आमच्याकडे बाप लेकराला हाक मारताना आपलंच नातं त्याला देऊन टाकतो. त्यामुळे तो तिला 'बाबा' म्हणे आणि तीही त्याला 'बाबा'.

"बाबा, जेवलीस का?"

"जेवले. बाबा, तुझ्या भुवया जळल्यात."

"आहेत तेवढ्या पुरतात."

"मी तिकडे आल्यावर दुकानात लोकांना सांगेन, हा बिनभुवयांचा माझा बाबा."

तिच्या तिकडे येण्याची गोष्ट दोघं इतक्या सहज करायची की जणू एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर यायचं आहे. पण बाप तात्पुरता असला तर लेकीला कायमचं कसं आणणार? म्हणून लामाराने ठरवलं की जुंबेरला कायमचा ठेवून घ्यायचा. तिने वकीलबाई गाठली. ताम्ता तेव्हा अठरा पुरी करत होती. ती एकवीसची व्हायच्या आत सगळं पार पडलं तर बापाच्या अर्जावरच येऊ शकणार होती. एकवीस झाली की ती कायद्याच्या लेखी मोठी. मग तिची रांग निराळी, आणि त्या रांगेत माणसांचे केस पांढरे होतात.

वकीलबाईने माझ्याच ओट्याला टेकून सगळं समजावलं. परदेशी माणसाला कायमचं कामावर ठेवायचं तर आधी सरकारच्या कामगार खात्याची मंजुरी लागते. त्यासाठी मालकाने दाखवून द्यायचं असतं की या कामाला इथला लायक माणूस मिळत नाही आणि परक्या माणसामुळे इथल्या कुणाच्या पगाराला धक्का लागत नाही. पहिल्यांदा खात्याला विचारायचं, या भागात अशा भटाऱ्याला काय पगार देतात? त्याच्या उत्तराची वाट पाहायची. मग वर्तमानपत्रात दोन रविवारी जाहिरात. राज्याच्या रोजगार कचेरीत नोंद. दुकानाच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी, दहा कामाचे दिवस सूचना. जो कुणी येईल त्याला प्रामाणिकपणे पारखायचं. नाकारायचं तर कामाशी संबंध असलेलंच कारण द्यायचं.

"आणि जुंबेर," वकीलबाई म्हणाली, "उमेदवार येतील तेव्हा तुम्ही आसपास दिसायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही, निवडीत पडायचं नाही. जागा तुमची आहे म्हणूनच."

"म्हणजे मी त्याच्या जागेसाठी माणूस शोधायचा," लामारा म्हणाली, "मनापासून शोधायचा, आणि तो सापडू नये म्हणून मेणबत्ती लावायची."

"मेणबत्तीबद्दल कायद्यात काही नाही," वकीलबाई म्हणाली.

मित्रांनो, सापडलं की डोळ्यांत पाणी यावं, अशी शोधाशोध तुम्ही कधी पाहिली आहे का?

पगाराचं उत्तर यायलाच कित्येक महिने लागले. मग माझ्या समोरच्या भिंतीवर सूचना लागली. माझ्या वाफेने तिचे कोपरे पहिल्याच दिवशी वळले. लामारा रोज सकाळी ते तळहाताने सरळ करी, दुपारपर्यंत ते पुन्हा वळत.

जाहिरात वाचून थोडेच लोक आले. एका तरुणाने माझ्यात डोकावून विचारलं, "याचं बटण कुठंय?"

"बटण तुझ्या सदऱ्याला आहे, राजा," लामारा म्हणाली. त्याला शोती खायला घालून तिने परत पाठवलं आणि छताकडे पाहून पुटपुटली, "देवा, असेच पाठव."

मग अव्नेर आला.

तो पन्नाशीचा होता, बुखाऱ्याकडचा यहुदी, बऱ्याच वर्षांपूर्वी इथला नागरिक झालेला. शेजारच्या क्वीन्समध्ये एका दुकानात तो आयुष्यभर तंदूरवर नान लावत आला होता. मालकाच्या मुलांनी दुकान विकलं होतं आणि अव्नेर कित्येक महिने घरी बसला होता. आपला एप्रन त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, जाहिरात छापलेल्या त्याच पानात. बोलण्याआधी त्याने हात ओले केले, मिठाचं पाणी माझ्या भिंतीवर शिंपडलं आणि मान कलती करून चरचर ऐकली. लामाराचा चेहरा पडला. या माणसाला बटण लागणार नव्हतं.

तिने आधीच जुंबेरला मागच्या अंगणात घालवलं होतं. "खोकी मोड, सिगारेट ओढ, वाटेल ते कर. आत पाऊल टाकू नकोस." मागच्या दाराला जाळी होती. जाळीपलीकडे खोकी मोडल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

अव्नेरने कणकेचा गोळा ओढून लांब केला आणि फळीवर पाय ठेवून वाकला. त्याच्या सवयीच्या भट्टीचं तोंड छातीसमोर, आडवं असायचं. माझं तोंड वर आहे. त्याचा पट्टा धरायला मागे कुणी नव्हतं. लामारा काउंटरशी उभी होती. ती दुकान चालवणारी बाई. ती कधी माझ्यात वाकलेली नव्हती.

मला दिसलं ते एवढंच. त्याचं कपाळ खाली आलं आणि थांबायच्या ठिकाणी थांबलं नाही. त्याचे डोळे उघडे होते. भटारी माझ्यात कधी डोळे उघडे ठेवत नाही. खाली जाळ होता आणि मी माती आहे, मला हात नाहीत.

मग तो मध्येच थांबला. वर जाळीचं दार भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला होता.

"धरलाय मी," वरून जुंबेरचा आवाज आला. "पाव आहे ना हातात? मग लाव आता, वाया घालवू नकोस. उजवीकडे लाव, डावीकडे जळेल."

अव्नेरने पाव लावला. वर आला, धापा टाकत हसला आणि दुसरा गोळा उचलला. जुंबेरने पट्टा सोडला नाही. एकामागून एक शोत्या लागल्या, आणि मित्रांनो, त्या चांगल्या लागल्या. त्या दिवसाची ती पहिलीच भट्टी होती. जुंबेरने पहिली शोती तोडून अर्धी अव्नेरला दिली.

अव्नेर गेल्यावर लामारा बराच वेळ पुसलेलंच काउंटर पुसत होती. मग म्हणाली, "मी कळवते की त्याचा तोल गेला. ते काही खोटं नाही."

"तोल गेला हे खरं, मावशी. काम येत नाही हे खोटं. माझाही गेला होता."

"तू बाहेर का नाही थांबलास?"

"तो पडला असता."

"पडला असता," लामारा म्हणाली.  पुढचं काय होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. जुंबेर आणखी एक क्षण खोक्यांपाशी उभा राहिला असता तर त्या जागेला लायक माणूस उरला नसता.

तिने वकीलबाईला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. खोटं तिच्याने बोलवलं नाही. वकीलबाईने तोलाचं कारण चालणार नाही म्हणून सांगितलं. नव्या भट्टीची सवय चार दिवसांत होते, आणि इतक्या थोड्या दिवसांत शिकता येण्यासारख्या गोष्टीसाठी इथल्या माणसाला नाकारता येत नाही. मग तिने विचारलं, "पण जुंबेर तिथे काय करत होता?" लामाराने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

अर्ज तिथेच थांबला. काही महिने जाऊ द्यायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात ताम्ता एकवीसची होणार, हे बोटं न मोजताही कळत होतं.

जुंबेरने त्याच दिवशी तिला सांगितलं. मिठाचं भांडं, टेकवलेला फोन. त्याने काहीही लपवलं नाही, सोपंही करून सांगितलं नाही. 

"त्याला धरायला तू होतास," ती म्हणाली. "मला धरायला कोण आहे?"

"बाबा," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. पुढे ती बोलायची, पण हाक मारत नसे. "जेवलास का?" एवढंच विचारायची. तो मात्र आधीसारखंच 'बाबा' म्हणत राहिला, एकटाच.

मागणी वाढली होती म्हणून लामाराने अव्नेरला कामावर घेतलं. सकाळ जुंबेरची, दुपार अव्नेरची. वर्ष उलटायच्या आत दुसऱ्या भटाऱ्याच्या जागेसाठी पुन्हा पगाराची विचारणा, पुन्हा जाहिराती, पुन्हा भिंतीवर सूचना. अव्नेरने ती कमरेवर हात ठेवून सावकाश वाचली आणि जुंबेरकडे वळला.

"मी आलो तेव्हाही ही होती का रे इथे?"

"होती. वाफेने गुंडाळी झाली होती तिची."

"मला कुणी सांगितलं असतं तर आल्या पावली परत गेलो असतो."

"म्हणूनच सांगायचं नसतं."

अव्नेर काथवटीला चिकटलेली कणीक खरवडत राहिला, ती स्वच्छ झाल्यावरही.

या वेळी लायक कुणी आलं नाही. अर्ज गेला. ताम्ताचा एकविसावा वाढदिवस अर्ज गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आला. त्या सकाळी जुंबेरने तिला फोन केला, गाणं म्हटलं, आणि सकाळभर माझ्या उजव्या बाजूला लावायचे पाव डावीकडे लावत राहिला. कितीतरी करपले. 

मंजुरी शरद ऋतूत आली. लामाराने द्राक्षाची दारू काढली. जुंबेरने पेला उचलला आणि म्हणाला, "मी तरी पोचतो. मग तिच्यासाठी रांग लावतो. रांगेत उभं राहणं मला येतं." अजून पुढचे अर्ज बाकी होते, मुलाखत बाकी होती. पण तो त्या दिवसांत बरं हसत होता.

जानेवारीत त्याला खोकला लागला. खोकत माझ्यात वाकणं सोपं नसतं. श्वास रोखता येत नाही. तो तरी येत राहिला. एका पहाटे मला पेटवायला अव्नेर आला. त्याने शेगडी लावली आणि फळीवर बसून राहिला. मी तापून तयार झाले तरी उठला नाही. तेव्हा मला कळलं.

जुंबेरचा देह तेलावीला नेला. लामाराने वकीलबाईला एकच गोष्ट विचारली, त्या मंजुरीवर त्याच्या मुलीचं नाव घालता येईल का? तिलाही पाव लावता येतो. वकीलबाई हळू आवाजात म्हणाली की ती मंजुरी एका माणसासाठी आणि एका जागेसाठी असते. माणसाबरोबर संपते.

माणूस गेल्यावर आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात; ते झाल्यावर ताम्ता आली. पाहुणी म्हणून, थोड्या आठवड्यांच्या परवान्यावर. बापाच्या वस्तू घ्यायच्या होत्या. पिठाने पांढरे झालेले बूट, खरवडणी, एप्रन, कमरपट्टा. लामाराने तिला कुशीत घेतलं तेव्हा ती ताठ उभी होती.

मग ती माझ्यापुढे आली. "तो कुठे उभा राहायचा?" तिने विचारलं. अव्नेरने फळी दाखवली. दोन पायांच्या जागी फळी झिजली होती. तिने बापाचा एप्रन घातला, वरून त्याचा पट्टा आवळला, हात धुतले आणि कणकेचा गोळा घेतला. आत्याकडे ती हे शिकली होती. पण या तोनेत ती कधी वाकली नव्हती.

अव्नेर तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचे हात पुढे आले आणि थांबले.

"धरू का, पोरी?"

ती वळली नाही. लामाराने काउंटरवरची घंटा उगाच बाजूला सरकवली.

"धरा," ताम्ता म्हणाली.

आधी कपाळ आलं. मग मिटलेले डोळे. मग श्वासाने फुगलेले गाल, डावा किंचित जास्त. मित्रांनो, मी तो चेहरा हजारो सकाळी पाहिला होता. वरून अव्नेरचा आवाज आला.  "उजवीकडे लाव. डावीकडे जळेल."

तिने उजवीकडे लावला. पाय फळीला टेकताना तिने रोखलेला श्वास सोडला, आणि त्याबरोबर एक शब्द सुटला. "बाबा." तो माझ्या आतच राहिला.

तिने अव्नेरला माफ केलं का, बापाला माफ केलं का, मला ठाऊक नाही. ती माझ्यात आली तेव्हा तिने श्वास रोखला होता, आणि रोखलेल्या श्वासातून काही कळत नाही. शोती निघाली तेव्हा तिनेच ती तोडली आणि तिघांनी उभ्यानेच खाल्ली. मग ती परत गेली. जायलाच हवं होतं.

आता लामारा थकली आहे. दुकानात विजेची भट्टी आली आहे, तिला बटण आहे. मी फक्त रविवारी पेटते, तेही अव्नेरच्या हट्टापायी. पुढच्या वर्षी जागेचा करार संपेल. मातीची भट्टी ओट्यातून उचलून नेता येत नाही, ती हातोड्याने फोडावी लागते. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. लिंपलेली चीर आता पुन्हा उघडली आहे.

तुमच्या गावात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला एकदम विझवू नका, तापलेली असताना तिच्यावर गार पाणी ओतू नका. आणि तिच्यापुढे कुणी नवा माणूस येऊन वाकू लागला, तर तो कुणाच्या जागेवर आला आहे, त्याच्यामुळे कुणाचं काय जाणार आहे, हे सगळं नंतर विचारा. आधी त्याचा पट्टा धरा.